सुपारी घेऊन येतो

अकिला मुजावरला लहानपणापासून एक खोड होती. कुणी फॉर्म भरत असला की ती त्याच्या मागं जाऊन उभी राहायची. भोरच्या एसटी स्टँडावर सवलतीच्या पासाची रांग असो, पोस्टातली मनीऑर्डर असो, नाहीतर शाळेतला दाखल्याचा अर्ज असो. माणूस कुठं अडतो, कुठं पेनचं टोपण चावतो आणि कुठल्या रकान्याशी आल्यावर सरकारच्या आईचा उद्धार करतो, हे ती मन लावून बघायची. पोस्टमास्तरनं एकदा तिला बाहेर काढली, तर ती खिडकीतून बघायला लागली. बाकीच्या पोरी त्या वयात नट्यांची चित्रं जमवत होत्या, हिला रकान्यांचा नाद. आईनं दर्ग्यात नेऊन आणली. पीरानंही मनावर घेतलं नाही.

बाप मुबारक. भोरात 'मुबारकमास्तर' म्हटलं की लोक शाळेकडं नाही, बँडकडं बोट दाखवत. मुबारक ब्रास बँड. लाल कोट, सोनेरी झालर, आणि खाली ज्याची त्याची घरची पँट. कोट मास्तरचा, पँटचं ज्याचं त्यानं बघायचं, असा ठरावच होता. एक-दोघं लेंग्यावर यायचे. वरात पुढं चालत असल्यामुळं कुणी खाली बघत नसे.

या धंद्यात बँड ठरवायचा म्हणजे सुपारी द्यायची. मुंबईत सुपारी कशाची देतात ते पेपरात येतं, इकडं वाजवायची देतात. लग्नघरचा कर्ता माणूस यायचा, चहा प्यायचा, भाताचं पीक, जावयाचं दारूचं, असलं काहीबाही बोलायचा आणि उठता उठता खिशातून अख्खी सुपारी काढून मास्तरच्या तळहातावर ठेवायचा. तिथं बोलणं संपलं. मग घाट खचो नाहीतर नवरी पळून जावो, बँड जाणारच. आणि सुपारी नाही म्हणजे काहीच नाही. तोंडानं किती का ठरलेलं असेना, ते वाऱ्यावर गेलं. मुबारकच्या बापानं बिनसुपारीचं जन्मात वाजवलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात त्यानं आधी सासऱ्याकडून सुपारी घेतली आणि मगच क्लॅरोनेट तोंडाला लावली, असं सांगतात. सांगणारा मुबारकच, त्यामुळं निम्मंच धरायचं.

मग सारोळ्याचा मानसिंग उगवला. नीरेच्या पुलाजवळ हायवेवर पंक्चर काढणारा गडी. त्यानं एक जुना टेम्पो घेतला, त्यावर कपाटाएवढे स्पीकर रचले, जनरेटर बांधला आणि टेम्पोच्या पाठीवर स्वतःचा मोबाईल नंबर रंगवला, तोही एवढा मोठा की मागची गाडी ब्रेक मारण्याआधी नंबर वाचायची. पुण्याला कंपनीत कामाला गेलेली वेल्ह्याची पोरं तिकडूनच फोन लावायची आणि घरच्या लग्नाचा आवाज ठरवून टाकायची. म्हाताऱ्याला कळायचं तेव्हा टेम्पो दारात उभा असायचा.

दोन हजार सहाचा लग्नाचा हंगाम आला आणि मुबारक आलेल्या सुपाऱ्या वाद्यांच्या खोलीत भिंतीवरच्या ज्या डब्यात टाकायचा, तो वाजेना झाला. एक दिवस क्लॅरोनेटवाला कुंडलिक, जो बँडात सगळ्यात जुना आणि तोंडाचा सगळ्यात फाटका, सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, मानसिंग मला जनरेटरवर बसायला बोलवतुय. नुसतं बसायचं. फुकायचं न्हाई काय न्हाई."

"मग जा की."

"जाणारच व्हतो. पर त्याच्या टेम्पोत सावली न्हाई."

पोरं हसली. मुबारक हसला नाही. एखाद्या गाडीला ताडपत्री टाकायला किती वेळ लागतो, हे त्याला ठाऊक होतं.

अकिलानं याच वेळी तोंड उघडलं. ती रोज एसटीनं पुण्याला जाऊन कम्प्युटरचा कोर्स करून आली होती आणि स्टँडाजवळ एका गाळ्यात क्लास चालवत होती. "अब्बा," ती म्हणाली, "निम्मा वेल्हा पुण्यात आहे. त्याला भोरला येऊन तुमचा चहा प्यायला सुट्टी नाही. आपण वेबसाईट काढू. त्यावर फॉर्म ठेवू. तिथं कॅफेत बसून भरतील."

मुबारकनं मिशीचं टोक ओढलं. "हा हंगाम तुझा," तो म्हणाला. "फारमावरनं लग्नं आली तर तुझा कम्प्युटर ऱ्हाईल. न्हाई आली तर तो ईकायचा आन् पोरांना पँटी शिवायच्या. निदान जाताना तरी नीट दिसतील."

अकिलानं पहिला फॉर्म केला तो अगदी तसाच, जसा तिला आजवर सगळ्यांनी भरायला लावला होता. अर्जदाराचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, लिंग, जन्मतारीख, पिनकोड, ईमेल, फॅक्स. प्रत्येक रकान्यापुढं लाल चांदणी, म्हणजे भरलंच पाहिजे. आयुष्यभर ज्या फॉर्मांना नावं ठेवली, स्वतःची पाळी आल्यावर त्यांचंच पिल्लू तिनं जन्माला घातलं. मास्तरीण झालेली पोरगी पहिल्या दिवशी छडी शोधते, त्यातलीच गत.

मुबारकनं चष्मा लावून वाचलं. "लिंग कशापायी? सुपारी बाप्यानं दिली काय आन् बाईनं दिली काय, ढोल तेवढाच वाजतुय."

"सगळ्या फॉर्मात असतं ते."

"आन् हे फॅक्स?"

"तेही असतं."

"भोरात फॅक्स हाय कुणाकडं?"

अकिलानं विचार केला. तिनं स्वतः फॅक्सचं यंत्र कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. तिनं गुपचूप तो रकाना काढला. बाकीचे राहिले, कारण बापाचं सगळंच एकदम ऐकलं तर तो सोकावतो.

मग तिनं कुंडलिकला धरून खुर्चीत बसवलं. पुण्यातल्या एका सरांनी सांगितलं होतं की माणूस भरत असताना मागं बसायचं आणि बोलायचं नाही. बोलायचं नाही, ही गोष्ट अकिलाला जड जायची, म्हणून तिनं ओढणीचं टोक दातात धरलं.

"कुणाचं लगीन भरू?" कुंडलिक म्हणाला. "माझं झालंय. ते एक निस्तरतोय अजून."

तारखेच्या रकान्यात त्यानं एका बोटानं वैशाख वद्य पंचमी असं टाईप केलं. त्याला फार वेळ लागला, पण शुद्धलेखन बिनचूक. बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'अवैध नोंद', आणि वरपासून खालपर्यंत सगळे रकाने रिकामे झाले.

"अवैध म्हंजे दारूचा धंदा ना?" कुंडलिकनं विचारलं. "म्या काय केलं?"

अकिलानं ओढणी आणखी घट्ट चावली. त्यानं पुन्हा भरलं. पुन्हा लाल. पुन्हा सगळं पुसलं.

"बायकूबी असंच करती," तो उठत म्हणाला. "चुकलं काय ते सांगत न्हाई, पर पहिल्यापास्नं सुरू करायला लावती."

कुंडलिक पुढं गावाच्या यादीपर्यंत पोचलाच नाही, ते एक बरं झालं. ती अकिलानं बाराखडीच्या क्रमानं लावली होती, आणि आपलं गाव बाराखडीत कितवं येतं हे भोर-वेल्ह्यात कुणालाच माहीत नाही. गाव नसरापूरच्या पुढं येतं की अलीकडं, हे मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक.

तिनं तो फॉर्म मोडला. पिनकोड गेला, ईमेल गेला, लिंग गेलं, जन्मतारीख गेली. उरलं काय, तर लगीन कुणाचं, कुठं, कवा, कसं वाजवायचं आणि फोन कुठं लावायचा. गावं एसटीच्या वाटेनं लावली, भोरपासून निघून एकामागं एक. तारखेच्या रकान्यात मनाला येईल ते लिहा म्हटलं, तिथी लिहा, देवाचं नाव लिहा, पंचांग आम्ही बघू. काही चुकलंच तर त्या रकान्याशेजारी साध्या काळ्या अक्षरात काय हवं ते लिहून यायचं, आणि भरलेलं पुसलं जायचं नाही. 'वादक संख्या' हा रकाना तर तिनं मुळासकट उपटला. लग्नघरी माणसं आकडा सांगतच नाहीत. ती सांगतात, देवापुरतं हवं, वरातीपुरतं हवं, नाहीतर दणक्यात. तेच तीन शब्द तिनं ठेवले, दाबायचा तो दाबा.

शेवटी बटण दाबल्यावर आधी 'माहिती मिळाली, कळवतो' असं यायचं. कुंडलिकनं ते खांद्यावरून वाचलं. "पोरगी बघून पाव्हणं जाताना म्हणत्यात तसं वाटतंय. आमच्या धाकटीला असं कळवतो म्हणून गेलेलं अजून कळवत्यात."

अकिलानं ते काढलं आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'झालं काम.' आता कसं, सरळ. याच दोन शब्दांनी पुढं घोळ केला, पण तेव्हा ती त्यांच्यावर फार खूष होती.

नव्या फॉर्मला माणूस हवा होता. तो चालून आला. पासलीचा गेनबा आणि त्याची बायको रतनबाई, थोरल्या हनुमंताच्या लग्नाचा बस्ता बांधून, गाठोडी सांभाळत वेल्ह्याच्या गाडीची वाट बघत स्टँडावर बसले होते. गाडी नेहमीप्रमाणं देवाच्या मर्जीवर.

"काका, जरा आत बसता का?" अकिला म्हणाली. "मी एक फॉर्म केलाय. कुठं चुकतं ते बघायचंय."

"चुकणार कुणाचं? माझं का तुझं?"

"माझं."

"मग बसतो," गेनबा म्हणाला. "आजवर ज्या टेबलाशी बसलो तिथं माझंच चुकलंय."

तो बसला, रतनबाई मागं गाठोड्यावर. किबोर्डावर अकिलानं मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. गेनबानं पोराचं नाव भरलं, खोटं कशाला भरायचं म्हणून हनुमंताचंच. गावांची यादी उघडली तर तो खुललाच. "हे कापूरव्हळ गेलं. हे नसरापूर, हितं च्या प्यायचा. मार्गासनी. वेल्हं. आता वळणं लागली बघ. आलं पासली." जणू बसल्या जागी एसटीतून घरी पोचला. तारखेत त्यानं खरा मुहूर्त लिहिला. फोन म्हणून वेल्ह्याच्या वाण्याचा नंबर दिला, पासलीला कुणाला निरोप द्यायचा तर तोच एक मार्ग.

'कसं वाजवायचं?' इथं तो थबकला.

"दणक्यात दाब की," मागून रतनबाई म्हणाली. "हितं काय पैसं पडत्यात व्हय?"

त्यानं दाबलं. मग पाठवा दाबलं. पडद्यावर उमटलं, 'झालं काम.'

एकदाही चुकला नाही. अकिलाच्या तोंडातून ओढणी गळून पडली. तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न झाला, दोघांनी गाठोडी उचलली. "ब्येस खेळणं हाय पोरी," गेनबा दारातून म्हणाला आणि पळाला.

कागदावर कसं दिसतं ते बघायला अकिलानं त्या फॉर्मची प्रिंट काढली. तेवढ्यात वीज गेली. भारनियमनाची वेळ तिच्या ध्यानातच नव्हती. ती प्रिंट टेबलावर टाकून घरी गेली.

त्यानंतर बरेच दिवस फॉर्मवरून एकही लग्न आलं नाही. मुबारक मुलीशी बोलेना झाला. जुन्या कम्प्युटरला काय येतं, हे तो एका भंगारवाल्याला विचारून आल्याचं तिच्या कानावर आलं. आणि अशातच एका दुपारी, ती बाहेर गेलेली असताना, तो गाळ्यावर आला आणि त्याला टेबलावर तो कागद दिसला. हनुमंत गेनबा, पासली, मुहूर्त अमुक, दणक्यात. खाली ठसठशीत, 'झालं काम.'

मुबारकनं तो कागद वाद्यांच्या खोलीत नेला आणि सुपारीच्या डब्याजवळच्या खिळ्याला अडकवला. पोरीला तो काहीच बोलला नाही, कारण पोरांना तोंडावर शाबासकी देणं हे मुजावरांच्या घराण्यात लुगडं फेडल्यासारखं समजत. फक्त बँडातल्या पोरांना कोट धुवायला सांगितले.

"मास्तर, सुपारी?" कुंडलिकनं विचारलं.

"कम्प्युटरातनं सुपारी कशी यील? हे लिवलंय बघ, झालं काम. हीच सुपारी."

कुंडलिकनं कागदाचा वास घेतला. "चुना लावून बघू का?" तो म्हणाला. पण त्यालाही वाजवायचंच होतं, म्हणून पुढं बोलला नाही.

लग्नाच्या सकाळी मुबारकनं अकिलाला हाक मारली. "चल, टेम्पोत बस. तुझ्या फारमाचं लगीन हाय." अकिला हरखली. मधल्या दिवसांत कुणीतरी पुण्यातून फॉर्म भरला असेल, तो अब्बानं क्लासच्या पोराकडून काढून घेतला असेल, असं तिला वाटलं. विचारलं असतं तर तिथंच कळलं असतं. पण इतक्या दिवसांनी बाप बोलला होता, आणि बोलत्या बापाला प्रश्न विचारणं तिला धोक्याचं वाटलं.

बँडचा भाड्याचा टेम्पो नसरापूरवरून आत वळला. मागं लाल कोटातली मंडळी ढोलांना टेकून पेंगत होती. वेल्ह्याला चहाला थांबले तेव्हा मुबारक चहावाल्याला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "कम्प्युटरवरची बुकिंग हाय. पासलीला. गेनबाच्या हनुमंताचं."

अकिलानं चहा तसाच बाकावर ठेवला.

तिनं बापाला टेम्पोच्या पलीकडं नेलं. "अब्बा, ते खरं नव्हतं. मी त्यांना नुसतं बघायला बसवलं होतं. फॉर्म चालतो का ते. त्यांना गाडी यायला वेळ होता म्हणून भरला त्यांनी."

"खाली लिवलंय झालं काम."

"ते मी लिहिलंय. सगळ्यांनाच येतं ते."

"काम न झालेल्यालाबी?"

अकिलानं मान डोलावली. मुबारकनं कोटाची बटणं एकदा सोडली आणि परत लावली. पलीकडं पोरं ओल्या फडक्यानं ट्रम्पेट पुसत होती. कितीतरी दिवसांनी पुसत होती.

"परत फिरू," अकिला म्हणाली. "मी सांगते सगळ्यांना. माझी चूक."

"तुझी चूक तू सांगशील. म्या बिनसुपारीचा निघालो ते कोण सांगंल?" मुबारक म्हणाला. "हितनं माघारी गेलो तर उद्या सगळी मानसिंगाच्या टेम्पोवर बसतील. सावली असू न्हाईतर नसू. चल म्होरं. गेनबा हाकलंल तर हाकलंल. निदान दुसऱ्यानं हाकललं असं व्हईल."

वेल्ह्याच्या पुढं मोबाईलला रेंज नव्हती, त्यामुळं आधी कळवायचाही प्रश्न मिटला.

पासलीत शिरायच्या आधीच आवाज आला. गावाच्या तोंडाशी, रस्त्याला लागून, मानसिंगचा टेम्पो उभा होता आणि स्पीकरांच्या धक्क्यानं शेजारच्या गोठ्याचे पत्रे थरथरत होते. मानसिंग टपावर बसून बिडी ओढत होता. लाल कोट उतरताना बघून त्यानं आवाज बारीक केला.

"या मास्तर. गेनबाला सोन्याची खाण घावली म्हनायची. दोन-दोन लावल्यात."

मुबारकनं त्याच्याकडं पाहिलं नाही. समोरून गेनबा धावत येत होता, फेटा अर्धा बांधलेला, अर्धा हातात.

"मास्तर? तुमी कुणीकडं?"

"तुझ्याकडंच."

"आवो, म्या सुपारी कुठं दिली व्हती?"

"न्हाई दिलीस."

"मग?"

"मग आलो," मुबारक म्हणाला.

अकिला पुढं झाली. "काका, माझ्यामुळं झालं. त्या दिवशी तुम्ही भरलात ना, तो कागद खराच समजला अब्बांनी."

"अगं पर सुपारीबिगर कुणी खरं समजतंय व्हय? लहान प्वार हाय का मास्तर?"

शेजारी नवरीकडचं वऱ्हाड मांडवाच्या वाटेवर उभं राहून बघत होतं. त्यांत नवरीचा बाप चिमाजी, गुंजवण्याचा, मिशा पिळत हे सगळं नीट ऐकत होता. व्याह्यासमोर बँड हाकलावा तर अब्रू जाते, ठेवावा तर मानसिंगचा टेम्पो ठरवणारा हनुमंत बोंबलणार. गेनबानं फेट्याचं टोक उगाच पिळलं.

मग रतनबाई आली. तिला काय झालं ते सांगायला लागलं नाही, तिनं लाल कोट बघितले आणि ओळखलं. "बरं झालं," ती म्हणाली. "देवळाकडनं नवरदेव आणायचा कसा, ह्याची मला कालपास्नं चिंता पडलीया."

ती खरी अडचण होती. मारुतीचं देऊळ ओढ्यापलीकडं, वर टेकाडावर. तिथून मांडवापर्यंत दगडी पायऱ्या, मग बांध, मग ओढ्यातले धोंडे. मानसिंगचा टेम्पो तिकडं जायचा तर उचलून न्यावा लागला असता.

"लांबनं आवाज सोडू की आमी," मानसिंग टपावरून म्हणाला. "ऐकू येतंय वरपर्यंत."

"लांबनं तर तुझा सारोळ्यासनं बी येतुय," रतनबाई म्हणाली. "म्होरं वाजाप नसलं तर नवरदेव चालल्यासारखा दिसत न्हाई. मड्याम्होरं सुदिक टाळ असत्यात. वाजवा मास्तर."

पोरांनी वाद्यं उचलली. मुबारक हलला नाही. "सुपारी," तो म्हणाला.

"आवो, आता दारात येऊन उभं ऱ्हायलाय आन्..."

"आलो ती चूक झाली. वाजवायची चूक न्हाई करायचो."

कुंडलिकनं आभाळाकडं बघितलं. अकिलाला वाटलं, आपला बाप जगातला सगळ्यात आडमुठा माणूस आहे. आणि लगेच दुसरं वाटलं, की याचा फॉर्म बरोबर आहे. त्यात एकच रकाना आहे, आणि तो भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

सुपारीची शोधाशोध सुरू झाली. लग्नघर, आणि अख्खी सुपारी नाही. होत्या तेवढ्या भटजींनी पाटावर मांडून ठेवलेल्या. गेनबानं एक उचलायला हात घातला तर भटजी म्हणाले, "तो गणपती आहे." दुसरीकडं हात गेला. "ती कुलदेवता."

"आन् ती कडंची?"

"वरुण. आणि हात मागं घ्या."

बाकीची पानदानात कातरून पडलेली, तिचा भुगा. शेवटी रतनबाईनं कमरेची चंची सोडली, चिवडली, आणि अडकित्त्यानं मधोमध फोडलेली एक अर्धी काढून मुबारकच्या तळहातावर ठेवली. "एवढीच हाय. घ्या न्हाईतर चावा."

मुबारकनं ती उलटसुलट करून बघितली. सगळा गाव बघत होता, मानसिंग बघत होता, स्वतःची पोरं बघत होती. "अर्ध्या सुपारीत," तो गंभीरपणे म्हणाला, "अर्धा बँड."

आणि तसंच झालं. क्लॅरोनेट, एक ट्रम्पेट, एक ताशा एवढेच टेकाडावर गेले. ढोल आणि बाकीची मंडळी मांडवात बसून राहिली, त्यांना कुणीतरी जिलबी वाढली. ढोलाशिवाय बँड म्हणजे बिनदाताच्या म्हाताऱ्यानं शीळ घातल्यागत वाजतो. पण पायऱ्यांवरून नवरदेव खाली येताना पुढं वाजत काहीतरी होतं, आणि वाट अरुंद असल्यामुळं तिघं त्यात बरोबर मावले. पुरा बँड असता तर निम्मा ओढ्यात पडला असता. ओढा ओलांडून मांडवाजवळ आले तसा मानसिंगनं आवाज सोडला आणि कुंडलिकची क्लॅरोनेट त्यात बुडून गेली. कुंडलिक तरीही फुंकत राहिला. नंतर तो म्हणाला, मला वाटलं मी थांबलो काय आन् न्हाई थांबलो काय, कळंल कुणाला, म्हणून न्हाई थांबलो.

अक्षता पडल्यावर नवरीचा बाप चिमाजी अकिलाजवळ आला. "कम्प्युटरवरनं आलेला बँड तो ह्योच का?"

"हो. पण चुकून आलाय."

"ते ऐकलं म्या. माझ्या धाकटीचं हाय म्होरल्या महिन्यात, गुंजवण्याला. आमच्याकडंबी देवळाची वाट अशीच." त्यानं कोपरीच्या खिशात हात घातला आणि अख्खी, टपोरी, गुळगुळीत सुपारी काढली.

अकिला सुपारीकडं बघत राहिली. "मामा, ही मघाशी होती तुमच्याकडं?"

"व्हती की."

"मग दिली का नाही? अख्खं गाव शोधत होतं."

"नवरदेवाच्या वरातीची सुपारी म्या कशाला देऊ? आमी नवरीकडचं," चिमाजी म्हणाला, आणि हे पोरीला कळत कसं नाही याचं त्याला खरोखर नवल वाटलं. "घे. आन् पुरा बँड आण. ढोलासकट."

तिनं ती घेतली नाही. बापाकडं बोट दाखवलं. चिमाजीनं जाऊन ती मुबारकच्या हातावर ठेवली. मुबारकनं मान हलवली, कोटाच्या आतल्या खिशात टाकली, आणि वर अर्धी टाकली. परतीच्या वाटेवर टेम्पोत कुणी मानसिंगकडं जायची गोष्ट काढली नाही. कुंडलिक तेवढा म्हणाला, "मास्तर, कागदाला चुना लावून बघू का म्हनलं व्हतं म्या," आणि मग घोरायला लागला.

दुसऱ्या दिवशी अकिलानं पहिलं काम केलं ते 'झालं काम' पुसण्याचं. त्या जागी लिहिलं, 'तुमचं वाचलं. हे अजून ठरलेलं नाही. सुपारी मास्तरांच्या हातात आली की ठरलं.' हे शेवटी लिहून भागत नाही, हेही तिच्या ध्यानात आलं. माणूस बटण दाबेपर्यंत वाचतो, दाबल्यावर उठून गाडी पकडतो. म्हणून तिनं बटणावरचा शब्दच बदलला. 'पाठवा' गेलं. तिथं आलं, 'सुपारी घेऊन येतो'. ज्याला यायचं नाही तो हे दाबायचा नाही. पुण्यातल्या पोरांसाठी बटणाखाली एक बारीक ओळ घातली, 'तुम्हाला सुट्टी नसेल तर वडिलांना धाडा.'

त्या हंगामात फॉर्मवरून थोडीच माणसं आली. पण आली ती खिशात सुपारी घेऊन आली, आणि डबा पुन्हा वाजायला लागला. भंगारवाला एकदा गाळ्यापाशी थांबून कम्प्युटर बघून गेला, तेव्हा मुबारकनं त्याला जुना, पिचका ट्रम्पेट देऊन वाटेला लावलं.

हंगाम संपता संपता एका सकाळी मुबारक स्वतः गाळ्यावर आला आणि खुर्चीत बसला. "सरक. म्याबी चालवून बघतो. मागनं बोलायचं न्हाई."

अकिलानं ओढणी दातात धरली. त्यानं एका बोटानं भरायला घेतलं. लगीन कुणाचं, मानसिंगाचं. मानसिंगाचं वय झालं होतं आणि त्याला कुणी पोरगी देत नव्हतं, हे हायवेवर सगळ्यांना माहीत होतं. कुठं, सारोळे. कवा, त्यानं आईचं ऐकलं की. कसं वाजवायचं, इथं मुबारकनं चष्मा नीट केला आणि जपून दाबलं, दणक्यात.

"अब्बा, हे काय?"

"चाचणीच हाय नव्हं?" तो बटण दाबून उठत म्हणाला. "वाजतंय ब्येस."

एव्हाना बटणासरशी प्रिंट निघायची, तशी ती बाहेर आली. अकिलानं ती घेतली, उभी फाडली, आडवी फाडली, मग पुन्हा उभी. बाप दारात थांबून शेवटचा तुकडा पडेपर्यंत बघत होता.